आबांच्या बंदुका : वारसनोंदीच्या कामाची टिपणे

१२ जून २०२४

माझ्या वडिलांचे, आबांचे, निधन १९ मे रोजी झाले. शस्त्र परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, त्यामुळे त्या दिवसापासून घरातील बंदुका कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना झाल्या आहेत. जमिनीचा वारसा आणि बंदुकीचा वारसा यांतला हा फरक घरात अजून कोणाच्या गळी उतरलेला नाही, म्हणून या कामाची तारीखवार नोंद ठेवण्याचे ठरवले.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आई, मी, धाकटा भाऊ आणि धाकटी बहीण असे आम्ही चौघे पहिल्या वर्गातील वारस आहोत आणि आबांच्या इतर चीजवस्तूंप्रमाणे बंदुकांची मालकीही आमच्याकडे आलेली आहे. मात्र त्या हाताशी ठेवण्याचा अधिकार शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ खालील परवान्यावाचून आमच्यापैकी एकालाही नाही. मालक आम्ही चौघे आणि ताबेदार कोणीच नाही, अशी आजची स्थिती आहे. पुढचे सगळे कागद ही स्थिती संपवण्यासाठी करावयाचे आहेत.

वाड्यात तीन बंदुका आहेत. पहिली बारा बोअरची विलायती दुनळी, बाहेरच्या घोड्यांची. दुसरी टोपीची, ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची आणि टोपीने पेटणारी) एकनळी, जी आजोबांच्या काळापासून पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर आहे. तिसरी सोप्यातील भिंतीवरची तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने बार काढायची बंदूक. तिचा उल्लेख कोणत्याही परवान्यात नाही. यांखेरीज कपाटात फुगलेल्या पुठ्ठ्याची काही काडतुसे, टोप्यांची डबी आणि शिंगडी, म्हणजे बंदुकीची दारू ठेवायचे शिंग, सापडली. शिंगडी रिकामी आहे असे आई म्हणाली. हलवून पाहिली तर रिकामी नव्हती.

१४ जून २०२४

शस्त्र अधिनियमाचे कलम २१ सांगते की, कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तर ते अनावश्यक विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. दारूगोळ्यालाही हेच लागू आहे. जमा केलेली वस्तू मृत परवानाधारकाच्या कायदेशीर प्रतिनिधीला, तो पात्र ठरल्यावर, विहित मुदतीत परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकता येते. मुदतीत यांपैकी काहीच न केल्यास जिल्हादंडाधिकारी नोटीस देऊन ती सरकारजमा करू शकतात. थोडक्यात, जमा करणे म्हणजे सोडून देणे नव्हे. आईची समजूत याच मुद्द्यावर पटली.

दुनळी आणि ठासणीची बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवण्याचे ठरले. त्याचे भाडे द्यावे लागते, पण जुन्या लोखंडाला तेलपाणी मिळते. काडतुसे, टोप्या आणि दारू पोलीस ठाण्यात दिली. शिंगडीतली दारू घरी पाण्यात कालवून टाकावी असा सल्ला गावातील दोघातिघांनी दिला होता, परंतु आबांच्या मागे शिल्लक राहिलेल्या प्रत्येक वस्तूची पावती असावी हे मला अधिक महत्त्वाचे वाटले.

पावत्या घेताना एका गोष्टीचा आग्रह धरला. ‘जुनी बंदूक, एक’ असे लिहून चालत नाही. जात, बोअर, नळ्यांची लांबी, निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि आजची अवस्था (दस्त्याला उजवीकडे चीर, गज नाही) असे सगळे पावतीवर आले पाहिजे आणि त्या अवस्थेतील छायाचित्रे पावतीच्या तारखेचीच असली पाहिजेत, कारण वर्षभराने परत घेताना वाद झाला तर हाच एक कागद कामाला येतो.

१५ जून २०२४

तोड्याच्या बंदुकीवरून घरात वाद. चुलत्यांचे म्हणणे असे की, जिच्यातून कोणाच्या हयातीत बार निघालेला नाही, ती भिंतीवरची शोभेची वस्तू पोलिसांना दाखवून नसते झेंगट कशाला ओढवून घ्यायचे. हे म्हणणे मी अनेक घरांत ऐकले आहे आणि ते मला मान्य नाही. पडताळणीसाठी पोलीस घरी येणारच आहेत, तेव्हा भिंतीवरची वस्तू त्यांच्या नजरेला पडण्याऐवजी आपण होऊन लेखी कळवलेली असणे केव्हाही चांगले. तिचे वर्णन आणि चार बाजूंची छायाचित्रे जोडून ठाण्यात अर्ज दिला आणि निर्णय होईपर्यंत तीही तेथेच जमा केली.

तलवारी दोन आहेत. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत त्यांचा वर्ग वेगळा असून, कलम ४ खाली अधिसूचना काढलेल्या क्षेत्रातच त्यांना परवाना लागतो. आमच्या भागापुरते हे विचारून घेतले. तशी अधिसूचना नाही. त्या घरी राहिल्या.

२७ जून २०२४

आबांच्या पत्र्याच्या पेटीतील कागद लावले. आमचा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. सर्वांत जुना कागद संस्थानच्या शिक्क्याचा, मोडी आणि बाळबोध अशा दोन्ही लिप्यांतला, ठासणीची बंदूक बाळगण्याच्या परवानगीचा आहे. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आजोबांच्या परवान्याच्या पुस्तिकेवर हे सारे शिक्क्यांच्या रूपाने उमटलेले आहे. १ ऑक्टोबर १९६२ रोजी आजचा शस्त्र अधिनियम अमलात आला; तोवर १८७८ च्या कायद्याचे नमुने चालत होते आणि पुस्तिकेची छपाईही त्या सुमारास बदललेली दिसते.

संस्थानी कागदाला आज परवाना म्हणून काही किंमत नाही. तरीही त्याची साक्षांकित प्रत प्रत्येक अर्जाला जोडणार आहे, कारण बंदूक घराण्यात कोठून आली, कोणाकडून कोणाकडे गेली, हे सलग दाखवता आले की चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचे निम्मे प्रश्न उरत नाहीत.

आबांच्या पुस्तिकेत तिसऱ्या शस्त्राची, एका पॉइंट बावीस रायफलीची, नोंद खोडलेली आहे. हा २०१९ च्या दुरुस्तीचा परिणाम. पूर्वी एका व्यक्तीला तीन शस्त्रे ठेवता येत. १४ डिसेंबर २०१९ पासून ही मर्यादा दोनवर आली आणि जास्तीचे शस्त्र वर्षभरात जमा करणे बंधनकारक झाले. आबांनी रायफल विक्रेत्यामार्फत विकून टाकली होती आणि विक्रीची पावती पुस्तिकेत टाचून ठेवली होती. वारशाने परवाना देतानाही दोनची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे त्याच दुरुस्तीत स्पष्ट म्हटले आहे. ज्या घरांत चार-चार बंदुका एकाच थोरल्या मुलाच्या नावे करण्याचा रिवाज होता, तेथे आता वाटणी केल्यावाचून गत्यंतर नाही.

११ जुलै २०२४

दुनळीची तपासणी विक्रेत्याच्या कारागिराकडून करून घेतली. नळ्या उघडून खालची बाजू पुसली, तेव्हा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाच्या खुणा आणि त्यांच्याजवळ ‘नॉट फॉर बॉल’ हे शब्द दिसले. तोंडाशी आवळलेल्या नळीतून गोळी झाडू नये अशी ही सूचना १८७५ ते १८८७ या काळातच उमटवली जात असे, त्यामुळे बंदुकीचे वय कोणत्याही बिलावाचून ठरले. नळ्या पिळाच्या पोलादाच्या, लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या गुंडाळून घडवलेल्या आहेत. त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असून आजच्या धूररहित दारूचा दाब त्यांना देणे धोक्याचे आहे. कारागिराने हे मला दोनदा बजावले आणि मी ते लेखी मागून घेतले.

वय ठरल्यावर भावाने न्यू जर्सीहून विचारले, “ताई, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वस्तूला परवाना कशाला हवा?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट लिहून ठेवतो तो थोडाच, म्हणून मीच लिहून ठेवते. कलम ४५ मधील सूट ‘कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त’ शस्त्रांना आहे खरी, परंतु त्याच वाक्यात पुढे अट आहे की, ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. सूट वयाला नाही, निकामीपणाला आहे. आमची दुनळी उघडते, मिटते, तिचे दोन्ही घोडे पडतात आणि बारा बोअरची काडतुसे आजही बाजारात मिळतात. झाडणाऱ्याच्या हाताला ती धोकादायक असेल, पण कायद्याच्या भाषेत ती चालू बंदूक आहे.

ठासणीच्या बंदुकीचा नमुना तर दुनळीहूनही जुना आहे, पण तीही सुटत नाही. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. नमुना जुना म्हणून कायदा तिला वगळत असता तर ही तरतूदच करावी लागली नसती.

२६ जुलै २०२४

बंदुका कोणाच्या नावे करायच्या, यावर कुटुंबात एकमत झाले. दुनळी माझ्या नावे, कारण मी पुण्यात राहते आणि ती फक्त जपून ठेवायची आहे. ठासणीची बंदूक मेहुण्यांच्या नावे, कारण डाळिंबाची बाग आणि जोंधळ्याचे रान तेच पाहतात.

येथे दोन कायद्यांचे वारस वेगळे होतात. उत्तराधिकार अधिनियमाच्या पहिल्या वर्गात जावई कोठेच नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ प्रमाणे वारसाला परवाना देताना मात्र पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांच्याबरोबर जावई आणि सूनही धरतात. मालकी बहिणीकडे आणि परवाना मेहुण्यांकडे, ही रचना त्यामुळे बसते. फक्त बाकीच्या सर्व वारसांची संमती बिनचूक हवी. याच नियमात असेही आहे की, परवानाधारक सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगून झाल्यावर हयातीतच वारसाला परवाना देता येतो. आबा दोन्ही अटींत बसत होते. ज्यांचे वडील हयात आहेत आणि ज्यांच्या घरात बंदूक आहे, त्यांनी ही तरतूद आजच वाचावी, कारण परवानाधारक स्वतः कार्यालयात उभा राहून ‘हे माझ्या मुलीला द्या’ असे सांगतो, तेव्हा वारस ठरवणारी निम्मी कागदपत्रे लागतच नाहीत.

वारस म्हणून अर्ज करणाऱ्याला जीवितास धोका असल्याचे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. पात्रतेच्या अटी पूर्ण असाव्यात आणि पोलीस अहवालात प्रतिकूल शेरा नसावा, एवढे पुरते. पुण्यातील माझ्या परिचितांना हे खरे वाटत नव्हते.

१४ ऑगस्ट २०२४

कोणता वारस दाखला लागेल, यावर तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते. बंदुकीला त्याचा उपयोग नाही. दिवाणी न्यायालयाचे वारस प्रमाणपत्र आपल्याकडे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली मिळते आणि वारसांत वाद असेल तर तोच खात्रीचा मार्ग आहे, परंतु त्यासाठी जाहीर नोटीस आणि सुनावणी यांत बराच काळ जातो. आमच्यात वाद नाही. म्हणून मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडील गाव नमुना सहा-क मधील वारस नोंदीचा उतारा, सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाचे स्वतंत्र ना-हरकत पत्र असा संच तयार केला आणि तो पुरेसा असल्याचे दोन्ही शस्त्र परवाना शाखांकडून आधीच विचारून घेतले.

ना-हरकत पत्रात ‘आमची हरकत नाही’ या एका वाक्यावर थांबू नये. बंदुकीचे वर्णन व क्रमांक, ती कोणाच्या नावे व्हावी, आपला मालकीहक्क सोडला आहे की केवळ ताब्याला संमती दिली आहे, आणि उद्या मालकीचा वाद निघाल्यास तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यावर येणार नाही, अशा चार गोष्टी मी प्रत्येक पत्रात घातल्या. आईने स्वतःचा हक्क सोडायला नकार दिला. “ताबा घे, पण माझं नाव काढू नकोस,” असे ती म्हणाली. तिच्या पत्रात केवळ संमती आहे आणि त्याने काही अडत नाही.

५ सप्टेंबर २०२४

भावाचे पत्र आले. तो अमेरिकेचा नागरिक आहे. तेथील नोटरीपुढे सही आणि त्यावर न्यू जर्सी राज्याचे अपोस्टिल (दस्त परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून जोडायचे प्रमाणपत्र), अशी त्याने पूर्तता केली आहे. भारत अपोस्टिल करारात असल्याने वाणिज्य दूतावासाची वेगळी मोहर लागली नाही. परदेशात झालेल्या दस्तावर तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावावा लागतो. पाकिटावरील पोहोचीचा शिक्का म्हणूनच फाइलमध्ये ठेवला आहे.

त्याच्या पत्रासोबत एक विनंती आहे, तोड्याची बंदूक त्याला दिवाणखान्यात लावण्यासाठी हवी आहे. ते होणार नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि पुरावशेषांची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. या बंदुकीच्या नळीवर चांदीचे तारकाम आहे, त्यामुळे ‘जुने लोखंड’ म्हणून पाठवण्याचा मार्ग मी विचारातही घेतला नाही. भावाला सविस्तर लिहिले. तो नाराज आहे.

२० सप्टेंबर २०२४

दुनळीच्या क्रमांकात तफावत निघाली. कृतीवर, म्हणजे नळ्या जेथे मिटतात त्या लोखंडी भागावर, क्रमांक इंग्रजी अंकांत कोरलेला आहे. आबांच्या पुस्तिकेत तो देवनागरी अंकांत हाताने लिहिलेला असून, कोठल्यातरी नूतनीकरणाच्या वेळी ९ चा १ झाला आणि त्यानंतर प्रत्येक नोंदीत तोच उतरत गेला. एका अंकाचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण कागदावर त्याचा अर्थ असा होतो की परवान्यावरची बंदूक वेगळी आणि जमा केलेली वेगळी.

उपाय सरळ होता, मात्र त्याला वेळ लागला. आजोबांच्या नावच्या जुन्या नोंदीची नक्कल मागितली. दक्षिण सातारच्या शिक्क्याच्या त्या पानावर क्रमांक बरोबर आहे. ती नक्कल, कोरलेल्या अंकांवर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा, आणि विक्रेत्याकडे झालेला पोलीस पंचनामा, असे तीन पुरावे जोडून दुरुस्तीचा अर्ज केला. राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसाठ्यात आबांच्या विशिष्ट ओळख क्रमांकाखाली चुकीचाच अंक भरलेला आहे, त्यामुळे तेथील दुरुस्ती झाल्याशिवाय माझ्या नावे नवी नोंद होणार नाही. ज्यांची पुस्तिका जुनी आहे त्यांनी बंदूक घरी असतानाच हा मेळ घालून पाहावा.

१२ ऑक्टोबर २०२४

आज दसरा. शस्त्रपूजनाला दोन तलवारी, विळे, खुरपी आणि आबांची नांगराची फाळ ठेवली. पूजेपुरती तरी एक बंदूक सोडवून आणावी, असा चुलत्यांचा आग्रह होता; तशी सोय कोणत्याही नियमात नाही.

१६ ऑक्टोबर २०२४

काल विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. या काळात गावोगावची परवानाधारक शस्त्रे जमा करून घेण्याचे काम परवाना शाखेकडे येते आणि नव्या अर्जांची फाइल मागे पडते. त्याविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. आमच्या बंदुका आधीच जमा असल्याने आम्हाला वेगळे काही करावे लागले नाही. किमान मुद्रांक शंभरावरून पाचशे रुपये झाल्याचे याच आठवड्यात कळले. ज्यांचे बंधपत्र व्हायचे आहे त्यांनी जुन्या दराचा कागद घेऊन जाऊ नये.

२८ नोव्हेंबर २०२४

आचारसंहिता संपल्यावर दोन्ही अर्ज नमुना ए-१ मध्ये दाखल केले, मेहुण्यांचा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आणि माझा पुण्याच्या पोलीस आयुक्तांकडे, कारण आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांचा असतो. छायाचित्रे, वय, ओळख आणि निवास यांचे पुरावे तर लागतातच. त्यांखेरीज शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचा आणि व्यसनाधीन नसल्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी आणि सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला द्यावा लागतो. प्रशिक्षण मी अनिच्छेनेच केले, कारण मला झाडायची नव्हती. पण उघडी बंदूक दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, नळीचे तोंड कोठे असावे, हे जन्मभर बंदुकीच्या घरात राहूनही कोणी शिकवलेले नव्हते, कारण मुलींना ती हातात घेऊच देत नसत.

माझ्या अर्जाला मूळ जिल्ह्याची पडताळणी लागते. परवाना एका अधिकाऱ्याचा, वारस दुसऱ्याच्या हद्दीत आणि बंदूक तिसऱ्या ठिकाणी ठेवलेली, असे असले की तिन्ही ठिकाणचा पत्रव्यवहार एकमेकांच्या जावक क्रमांकासह जुळवावा लागतो. एका तक्त्यात सर्व क्रमांक मांडून त्याची प्रत प्रत्येक पत्राला लावली. हा तक्ता कोणी मागत नाही, पण प्रत्येकाने तो ठेवून घेतला.

२१ जानेवारी २०२५

मेहुण्यांच्या अर्जात वनखात्याचा प्रश्न निघाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आमच्या तालुक्यात २०२३ मध्ये आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले, लांडग्यांसाठी ते ओळखले जाते, आणि बाग त्याच्यापासून दूर नाही. मात्र संवर्धन राखीव हे अभयारण्य नव्हे. त्याला अधिनियमातील कोणती कलमे लागू होतात हे कलम ३६-अ मध्ये नावनिशीवार दिले आहे आणि त्यांत ३४ नाही. हे अर्जात मांडले आणि वनखात्याकडून तसे पत्र मागितले. पत्र आले.

दुसरी गोष्ट मेहुण्यांना स्पष्ट सांगावी लागली. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खाली वेगळी घ्यावी लागते. आवाजी बार काढून कळप हुसकावणे, एवढाच या बंदुकीचा उपयोग त्यांनी धरून चालावा.

१८ फेब्रुवारी २०२५

तोड्याच्या बंदुकीवर पोलीस शस्त्रागाराच्या कारागिराचे मत मिळाले. नळीचा मागचा तळ फाटलेला आहे, रंजकाचा कान (आतली दारू पेटवायचे छिद्र) झिजून रुंद झाला आहे आणि भेगेमुळे नळी दुरुस्त करूनही दाब सहन करणार नाही, असे त्यात म्हटले आहे. कलम ४५ ची अट या मतात शब्दशः उतरावी, यासाठी मी विनंतीपत्रात कलमाची भाषा दिली होती. ‘जुनी व गंजलेली’ एवढाच शेरा आला असता तर त्याने काहीच सिद्ध झाले नसते.

दुसरा मार्गही पाहून ठेवला होता. फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीने क्युरिओ, म्हणजे संग्रहाच्या जुन्या दुर्मिळ वस्तू, या गटातील लहान शस्त्रे बाळगण्यासाठी भारतीय नागरिकाला परवान्याची गरज ठेवलेली नाही. ती वापरण्यासाठी, बरोबर नेण्यासाठी किंवा त्यांची वाहतूक करण्यासाठी मात्र परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद असल्याखेरीज दारूगोळा मिळत नाही. आमची बंदूक त्या गटात बसवून घेण्यापेक्षा निकामीपणाचे तांत्रिक मत अधिक भक्कम आहे असे मला वाटते, कारण गटाविषयी उद्या कोणी वेगळे मत देऊ शकेल, फाटलेल्या नळीविषयी नाही.

तिच्यावर क्रमांक ठोकून ती परवान्यावर घ्यावी, असाही एक सल्ला मिळाला होता. निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण नसलेली बंदूक कलम ८ प्रमाणे विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, हे खरे. पण तारकाम केलेल्या नळीवर आज पोलादी ठसा मारणे मला पटत नाही, आणि जी विकायचीच नाही तिच्यासाठी तो मारण्याचे कारणही नाही.

२० मार्च २०२५

मेहुण्यांचा परवाना झाला. सातबारावर बहिणीचे नाव चढल्याचा फेरफार मंजूर झाल्यावर पीक संरक्षणाचा हेतू आपोआप सिद्ध झाला. मुदत पाच वर्षांची आहे. २०१९ पूर्वी ती तीन वर्षे असे. विक्रेत्याकडून बंदूक ताब्यात घेताना जमा पावतीवरील प्रत्येक नोंद ताडून पाहिली आणि सोडल्याची पावती घेतली. आबांची मूळ पुस्तिका शाखेने रद्द करून ठेवून घेतली. तिची साक्षांकित रंगीत प्रत आधीच काढून ठेवली होती.

दुनळीच्या क्रमांकाची दुरुस्ती माहितीसाठ्यात झाली आणि माझ्या पुण्याच्या घराची पाहणीही झाली. भिंतीत बोल्टने पक्के केलेले पोलादी कपाट दाखवले. परवाना मंजूर झाल्याचे पत्र आले आहे. पुस्तिका मिळाल्यावर विक्रेत्याच्या दुकानापासून पुण्यापर्यंत बंदूक आणताना परवाना आणि सोडपावती सोबत असावी लागेल, आणि नळ्या व दस्ता वेगळे करून पेटीत न्यावे असे कारागिराने सुचवले आहे. परवान्यावर काडतुसांच्या संख्येचा रकाना असतो. त्या नळ्यांतून आजचे काडतूस कोणी झाडू नये, म्हणून तेथे शून्य लिहावे असा अर्ज मी कारागिराच्या लेखी मतासह दिला आहे. असा अर्ज याआधी आला नव्हता, असे टेबलावरील लिपिक म्हणाले आणि त्यांनी तो वरिष्ठांकडे पाठवला.

तोड्याच्या बंदुकीचा निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे प्रलंबित आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात स्मरणपत्र द्यायचे आहे.